सा. न. वि. वि. लिहिलं की बंद

मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. स्टोअरच्या माणसाला संशय हा आजार नसतो, तो त्याच्या नोकरीचा भाग असतो. रॅकवर एक बेअरिंग कमी भरलं की आधी कुणाच्या खिशाकडं बघायचं, हे आम्हाला न सांगता कळतं. ही सवय घरी आल्यावर चपलांबरोबर दाराशी काढून ठेवावी, असं बायकोचं वीस वर्षांपासूनचं म्हणणं आहे. मी चपला काढतो.

त्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी काकांचा मेल आला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या पुढं. मूलबाळ नाही. काकू गेल्यापासून अंबाजोगाईला एकटेच राहतात. माझी पाचवी ते दहावी त्यांच्या घरी झाली, त्यामुळं आज पन्नाशीतही त्यांचं पत्र आलं की मी आधी नखं बघतो, वाढलीत का. त्यांना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आहे, पण ते टेबलाच्या खणातच जास्त टिकतं, असं त्यांचं मत. जुन्या विद्यार्थ्यांनी एक कॉम्प्युटर दिलाय, त्यावर ते पोस्टकार्डासारखे मेल लिहितात. मायना, मजकूर, आशीर्वाद. आपल्या पत्राला मायना नसला तर उत्तरात मायन्याविषयीच येतं, मजकुराविषयी काही नाही.

या वेळचा मेल असा होता:

"चि. यास अनेक आशीर्वाद. एकट्याने राहणे आता जमेनासे झाले आहे. मागील महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला. येथील वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली असून पुढील सोमवारी त्यांना कळवायचे आहे. त्यापूर्वी तुला एकदा विचारावे असे वाटले. तुमच्याकडे राहिलो तर चालेल काय? होकार असेल तर रविवारपर्यंत लिहावे. नकार असेल तर लिहू नये. नकार लिहावयास लावणे मला बरे वाटत नाही."

मी दोनदा वाचला. मग बायकोला वाचायला दिला. तिनं वाचला, "हं" म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. वीस वर्षांच्या संसारात मी तिचे बरेच 'हं' ओळखायला शिकलोय, पण हा नवीन होता.

मंगळवारी सकाळी सात वाजता, कंपनीच्या बसला तासभर अवकाश असताना, मी उत्तर लिहायला बसलो. खिडकीतून आमच्या पडेगावची बोचरी, थंड हवा आत येत होती. मी दोन बोटांनी टाइप करतो, आणि नजर कीबोर्डवर ठेवतो. पडद्याकडं बघितलं की बोटं चुकतात. काकांचा पत्ता टाकला, विषय टाकला, भाषा बदलून मराठी केली आणि सुरुवात केली. सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्याच्यापुढं पुन्हा 'विशेष' लिहायची मला खोड आहे. काका प्रत्येक वेळी ते द्विरुक्ती म्हणून कळवतात, मी प्रत्येक वेळी लिहितो.

एवढं लिहून मान वर केली, तर पत्र नव्हतं. मेलचा अख्खा प्रोग्रॅमच नव्हता. पडद्यावर फक्त मुलीनं लावलेला डोंगराचा फोटो होता.

पुन्हा उघडला. पुन्हा लिहिलं. पुन्हा डोंगर.

बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. कुठं चूक झाल्याचा संदेश नाही, आवाज नाही, माफी नाही. जणू कुणी तरी मागून येऊन अलगद दार लावून घेतंय. आणि गंमत अशी, की कंपनीतल्या एका मित्राला इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या तर सुरळीत गेल्या! मराठी लिहिलं की बंद, तेही काकांना लिहिलं की बंद.

पहिला संशय मुलीवर. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि संध्याकाळी कॉम्प्युटर तिच्याच ताब्यात असतो.

"काय टाकलंयस यात?" मी विचारलं.

"काही नाही टाकलं, बाबा."

"मग मेल का बंद पडतो?"

"तुम्ही काय दाबता ते मला काय माहीत? तुम्ही कॉम्प्युटरवरचा कॅल्क्युलेटर बंद करायला सुद्धा प्लगची वायर काढता."

तरी तिनं दुपारी कॉलेजातून आल्यावर सगळे उपाय केले. प्रोग्रॅम नवा करून घेतला. व्हायरस शोधला, सापडला नाही. मेलला जोडलेले फालतू ॲड-ऑन काढले. सुरक्षित पद्धतीनं चालू करून बघितला. मग मराठीत लिहूनही बघितलं, 'हाय काका, कसे आहात', आणि मेल व्यवस्थित उघडा राहिला. "बघा," ती म्हणाली, "माझ्यासमोर काही होत नाही." शुक्रवारी सकाळी मी बसलो. डोंगर.

आता ज्या मशिनचा बिघाड फक्त एकाच माणसाला दिसतो, त्या मशिनपेक्षा त्या माणसाकडंच लोक जास्त बघू लागतात. हे आम्हा स्टोअरवाल्यांना चांगलं माहीत असतं, पण आपण त्या जागी कधी उभे राहू असं वाटत नसतं.

मोबाइलवरून का नाही लिहिलं, असं तुम्ही विचाराल. बायकोनंही विचारलं. माझ्या मेलचा पासवर्ड घरचा कॉम्प्युटरच जाणतो. मी तो कधीच विसरलोय, आणि परत मिळवायला जो मोबाइल नंबर दिलेला आहे तो आता दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. मुलीच्या पत्त्यावरून पाठवावं तर काका अनोळखी पत्त्याचं पत्र उघडत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी ऑनलाइन फसवणुकीवर एक व्याख्यान ऐकलंय, तेव्हापासून ते बँकेचं खरं पत्रही पुसून टाकतात. फोन केला होता. दोनदा.

"काका, मी बोलतोय!"

"कोण? गॅसवाले? सिलेंडर आहे अजून! पुढच्या आठवड्यात!" आणि ठेवला.

"मग आपण गाडीनं जाऊन येऊ," बायको गुरुवारी म्हणाली होती. "चार तासांचा तर रस्ता आहे."

"शनिवारपर्यंत स्टॉक मोजणी आहे," मी म्हणालो. ती होतीही. पण मी जरा जास्तच लगेच म्हणालो.

आणि खरं सांगायचं तर माझा दुसरा संशय तिच्यावरच होता. तो 'हं' काही डोक्यातून जात नव्हता. बुधवारी मी घरी आलो तेव्हा ती टेप घेऊन मुलीच्या खोलीत भिंत मोजत होती. मला बघून टेप पदरात गेली. मला वाटलं, नवं कपाट. काका आले तर ठेवायला जागाच राहू नये, असा बेत. कॉम्प्युटरला तिनं काही केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे फारसं वाटलं नव्हतं. पण पहाटे उठून झाडताना तिचा झाडू कॉम्प्युटरच्या मागच्या वायरींत रोज फिरतो, हे मी शुक्रवारी मुद्दाम उठून बघितलं. ती वाकून झाडत होती, आणि मी दाराआडून बघत होतो. तिनं मागं न बघता विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?"

शुक्रवारी संध्याकाळी सगळं उलटलं.

मी हातपाय धुवून आलो, तर ती कॉम्प्युटरसमोर बसलेली. मुलगी मागं उभी. पडद्यावर मेलचा एक कप्पा उघडा होता, अर्धवट पत्रांचा. त्यात अकरा पत्रं होती. अकराही काकांच्या नावे. विषय, 'आपले पत्र'. आणि आत काही नाही. कोरी.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"काय आहे?"

"तेच विचारतेय. मी मुलीला म्हटलं, बघू तरी तुझे बाबा लिहितात काय. तर अकरा वेळा काकांचा पत्ता लिहून, अकरा वेळा कोरं पत्र जपून ठेवलंय. प्रोग्रॅम बंद पडतो म्हणे! बंद पडलेलं पत्र आपोआप जपून राहतं का हो?"

"मी जपून ठेवलं नाही."

"मग कुणी, मी?"

दोन दिवस मी तेच म्हणत होतो, मनात.

"अहो, नको असतील काका, तर नको म्हणा," ती हळू आवाजात म्हणाली, आणि तो हळू आवाज फार वाईट होता. "माझ्यावर काय ढकलायचंय? त्यांनी सांगितलंय ना, नकार असेल तर लिहू नका म्हणून. तुम्ही नाहीच लिहीत आहात. मशिनच्या नावावर."

"तूच टेप घेऊन भिंती मोजत होतीस," मी म्हणालो. मोठ्यानं म्हटल्यावर मला ते केवढं मूर्खपणाचं होतं ते कळलं, पण तोवर म्हणून झालं होतं.

"खाट मावते का ते बघत होते!" ती म्हणाली. "लोखंडी खाट सहा फुटांची असते, आणि काका उंच आहेत. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमचंच काही ठरत नव्हतं."

त्या रात्री जेवणात मेथी होती.

मी स्वतःवर संशय घेण्यात तसा कच्चा आहे, सराव नाही. पण त्या दोन दिवसांत घेतला. काका आले तर पहाटे साडेचारला रेडिओ लागणार. पेपरमधल्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्यानं वाचल्या जाणार. पन्नास वर्षांचा हा माणूस, ज्याच्या सहीशिवाय चितेगावच्या स्टोअरमधून नटसुद्धा बाहेर पडत नाही, तो स्वतःच्या घरात पुन्हा सहावीत बसणार. आणि गुरुवारी सकाळी, सलग तिसऱ्या दिवशी डोंगर दिसला तेव्हा, क्षणभर मला बरं वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण अकरा कोरी पत्रं मी झोपेत तर जपून ठेवली नाहीत ना, असं शनिवारी स्टॉक मोजताना वाटलं, आणि बेअरिंग दोनदा मोजावी लागली.

रविवारी सकाळी मी गुलमंडीतल्या एका जुन्या माणसाला घरी बोलावलं. आमच्या कंपनीत टाइपरायटर होते तेव्हा दुरुस्तीला तोच यायचा. टाइपरायटर संपले तसा तो कॉम्प्युटरकडं वळला. आता साठीच्या पलीकडचा आहे. खांद्याला तीच जुनी चामड्याची पिशवी. मी त्याच्या मागं खुर्ची टाकून बसलो. मशिन उघडलं तर आतलं काही बदलून तर जाणार नाही ना, यावर लक्ष. त्यानं ते ओळखलं.

"साहेब, पिशवी इकडं टेबलावर ठेवू का? तुमच्या नजरेसमोर?"

"नको, नको," मी म्हणालो. त्यानं ठेवलीच.

मशिन त्यानं उघडलं नाही. म्हणाला, "हौ, तुम्हीच लिहा. मी बघतो."

मी बसलो. पत्ता, विषय. मग मराठी करायला डाव्या हाताचं बोट कोपऱ्यातल्या कंट्रोलवर, दुसरं शिफ्टवर. सा. न. वि. वि. विशेष. मान वर केली. डोंगर.

तो पडद्याकडं बघतच नव्हता. डोळे मिटून कान कीबोर्डकडं लावून उभा होता.

"पुन्हा."

पुन्हा लिहिलं. त्यानं डोळे उघडले आणि कोपऱ्यातल्या कंट्रोलवर बोट ठेवलं. "ही एक की उठत नाही, साहेब. बाकी सगळ्या 'टक' म्हणून खाली, 'टक' म्हणून वर. ही नुसती खाली. वर यायला चांगले पाच-सहा श्वास घेते." त्यानं पिशवीतून चपटा पेचकस काढून ती कळ अलगद उचलली. खाली लालसर, मेणासारखा घट्ट थर. बोटावर घेतला. मग हुंगला.

"साहेब, खोबरेल?"

मी ती कळ हातात घेऊन बघितली.

"कीबोर्डला केस आहेत का, तेल लावायला?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगीही आली. आणि मला आठवलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्या दोघींनाही कळलं.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळ्या मशिनांची पूजा होते. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून ते तेलात कालवून लावतात. या वर्षी घरी मला भक्ती आली. मी म्हटलं, हाही आपला कारखानाच, आणि कुंकू खोबरेल तेलात कालवून कीबोर्डच्या चारही कोपऱ्यांना चांगले बोटभर टिळे लावले. बायको म्हणाली होती, "जरा कमी लावा." मी म्हणालो होतो, "तुला यंत्रातलं काय कळतं?" तेव्हा ऊन होतं, तेल पातळ होतं, आत उतरलं. आता थंडी. आपल्याकडं थंडीत खोबरेलची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सकाळी सातला ते आत गोठत होतं, दुपारी मुलगी बसायची तोवर वितळत होतं.

"थांबा, थांबा," मुलगी म्हणाली आणि कीबोर्ड ओढून घेतला. तिनं कंट्रोल धरून ठेवली आणि एकेक अक्षर दाबत गेली. "सा म्हणजे एस. कंट्रोल धरून एस म्हणजे जपून ठेवा. म्हणून ती अकरा पत्रं! न म्हणजे एन, नवीन पत्र उघडा. मग वि. बाबा, तुम्ही व साठी डब्ल्यू दाबता. कंट्रोल डब्ल्यू म्हणजे बंद करा. पहिल्या वि ला नवीन पत्र बंद. दुसऱ्या वि ला तुमचं पत्र बंद, आणि ते आधीच जपून ठेवलेलं असल्यामुळं विचारतही नाही. आणि तिसरा..."

"विशेष," मी म्हणालो.

"विशेषला अख्खा प्रोग्रॅम बंद."

गुलमंडीचा माणूस इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. "तीस साल मशिनी दुरुस्त केल्या," तो म्हणाला, "पण नमस्कार केल्यानं बंद पडणारी पहिल्यांदा बघितली." त्यानं चारही कोपरे स्पिरिटनं पुसले, चहा घेतला आणि जाताना मला बजावलं, "पुढच्या दसऱ्याला फूल ठेवा. नुसतं फूल."

तो गेला. कीबोर्डला स्पिरिटचा वास येत होता. रविवार होता, दहा वाजले होते, आणि आता बंद पडायला काही उरलं नव्हतं.

त्या दोघी मुद्दाम आत गेल्या. मी पत्ता टाकला. भाषा बदलली. कळ 'टक' वर आली. आणि मी तसाच बसलो. बायको म्हणाली होती ते सगळं चूक नव्हतं, हे तिथं कळलं. पाच दिवस मी जे लिहायला धडपडत होतो, त्यातला नमस्कारच फक्त तयार होता. पुढचं वाक्य माझ्याजवळ नव्हतंच. मनात काकांचा पहाटेचा रेडिओ ऐकू आला. मग दुसरं एक आठवलं. दोनदा गॅस चालू राहिला, असं त्या माणसानं लिहिलं होतं. ज्यानं जन्मात स्वतःची एक चूक कबूल केली नाही, त्यानं दोन लिहिल्या होत्या.

नमस्काराची मला आता धास्तीच बसली होती. मी तो गाळला. एकच ओळ लिहिली. "काका, या. खाट मांडली आहे. आम्ही वाट बघतो." पाठवली, आणि ती गेली.

तासाभरात उत्तर आलं. तिघंही पडद्याशी.

"पत्र पोचले. मायना नाही, आशीर्वादाची अपेक्षा नाही, द्विरुक्तीही नाही. सबब हे पत्र माझ्या पुतण्याचे असल्याची खात्री पटत नाही. हल्ली दुसऱ्याच्या नावाने पत्रे येतात असे व्याख्यानात सांगितले आहे. तुम्ही खरोखर तोच असाल तर एका प्रश्नाचे उत्तर लिहावे. सहावीच्या सहामाही परीक्षेत गणितात किती गुण मिळाले होते? प्रगतिपुस्तकातले नव्हेत, खरे."

मी पडदा जरा माझ्याकडं वळवला.

"म्हणजे?" मुलगी म्हणाली. "प्रगतिपुस्तकातले वेगळे आणि खरे वेगळे?"

चाळीस वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मला माहीत आहे. अठ्ठावीस होते. दोनाला खाली एक पोट काढलं की त्याचा तीन होतो. अडतीस, म्हणजे पास. पालक म्हणून त्या प्रगतिपुस्तकावर सही काकांचीच होती. त्यांनी बघितलं, सही केली आणि काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आणि मी मात्र याच पोरीला बारावीपर्यंत ऐकवत आलो होतो, 'मी आयुष्यात गणितात नापास झालो नाही.'

"लिहा," बायको म्हणाली. "बारा वाजत आले."

मी मराठी केली. सा. न. वि. वि. विशेष. मान वर केली. पत्र होतं. पुढं लिहिलं, "अठ्ठावीस." अंकात नाही, अक्षरात. अंक बदलता येतात.

मुलीनं माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. "अठ्ठावीस, बाबा?"

"शंभरपैकी," मी म्हणालो. "तेव्हा पेपर अवघड असायचे."

पंधरा मिनिटांनी काकांचं पत्र आलं. या वेळी वर 'चि. यास अनेक आशीर्वाद' होतं. "गुण जुळले. 'विशेष'ची द्विरुक्तीही जुळली. वृद्धाश्रमास नकार कळवीत आहे. गुरुवारच्या सकाळच्या गाडीने निघतो. सौ. सूनबाईस सांगावे की माझ्यासाठी काहीही वेगळे करू नये. चहा मला दिवसातून दोन वेळा पुरतो."

बायकोनं ते वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"दोन वेळा?" ती म्हणाली. "मागच्या मुक्कामात सात वेळा घेत होते. अहो, हे पत्र काकांचंच आहे कशावरून?"